आंब्याखाली उभी राहून गंजलेली पद्मिनी: वाचवायची की भंगारात द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राजापूरजवळच्या गावी काकांची १९७५ ची प्रीमियर पद्मिनी २००९ पासून आंब्याखाली उभी आहे, वर निळी ताडपत्री. काका आता नाहीत, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यातून जमीन दिसते, मागचं एक चाक फिरत नाही, इंजिन जॅम आहे. भंगारवाला न्यायला तयार आहे. दुसरीकडे एका गॅरेजवाल्यानं नुसते फोटो बघून ‘दोन महिन्यांत शोरूमसारखी करून देतो’ असं सांगितलंय. वाचेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

बहुधा वाचेल. पण तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारींवरून ते ठरत नाही. पायाखालचा पत्रा दिसायला भयंकर दिसतो, पण तो जवळजवळ सपाट असल्यामुळे बदलायला सगळ्यात सोपा. चाक फिरत नाही म्हणजे ब्रेकचा लायनर ड्रमला गंजून चिकटलाय, ड्रम उतरवला की विषय संपतो. आणि इतकी वर्षं उभी असलेली गाडी चालू झाली असती तरच मला नवल वाटलं असतं. गाडी जगणार की नाही हे ठरतं भार पेलणाऱ्या पत्र्यावर, आणि तो तुमच्या फोटोंत कुठेच दिसत नाही.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. जीप घ्या, किंवा प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्याच्या सुमारास जोडल्या जाणाऱ्या डॉज आणि प्लिमथ घ्या. त्यांना खाली शिडीसारखी जाड चौकट असायची. वरची बॉडी कुजली तरी चौकट उभी राहते, नवी बॉडी बसवता येते. पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११००, १९५३ साली तिकडे आलेली, आणि तिचा सांगाडा म्हणजे तिची बॉडीच. फ्लोअर, दाराखालचे पोकळ चॅनल, पुढच्या काचेचे खांब, मागच्या कमानपाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं जिथे अडकतात तो भाग, हे सगळं मिळून गाडी पेललेली असते. १९५४ पासून ती कुर्ल्यात जोडली जाऊ लागली. आधीची मॉडेलं म्हणजे पुढची दारं उलटी उघडणारी, मुंबईकर जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. १९६४ ला डिलाइट आली, तोच तुमच्या गाडीचा आकार. फियाटशी करार संपल्यावर १९७३ ला तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला पद्मिनी. म्हणजे तुमची गाडी पद्मिनी या नावाच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी आहे. पुढे २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ढाचा फारसा बदलला नाही, ही तुमच्या दृष्टीनं चांगली गोष्ट. पुष्कळसे सुटे भाग एकमेकींना चालतात.

आता गंजाबद्दल. लोखंडाला पाणी आणि हवा दोन्ही मिळाली की गंज येतो, हे शाळेत शिकलेलं असतं. गाडीच्या बाबतीत महत्त्वाचं एवढंच की पाऊस अंगावर पडण्यापेक्षा ओल अडकून राहणं जास्त घातक. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारा वारा. मीठ ओल धरून ठेवतं आणि गंजण्याचा वेग वाढवतं. साधारण साठ टक्क्यांच्या वर हवेची आर्द्रता गेली की उघडं लोखंड पाऊस न लागताही गंजायला लागतं, आणि कोकणात पावसाळ्याचे चार महिने ती त्याच्या खूप वर असते. त्यावर तुमची ताडपत्री. वरचं पाणी ती अडवते, पण खालच्या मातीतून उठणारी वाफ तिच्या आत कोंडते, रात्री गार झाली की तीच वाफ पत्र्यावर थेंब धरते. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखालच्या गाडीपेक्षा उघड्यावर वाऱ्यात उभी असलेली गाडी बऱ्या स्थितीत सापडते, हे मी अनेकदा बघितलंय. लोक विश्वास ठेवत नाहीत.

गंजाचं आणखी एक आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ पत्र्यापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, त्या फटीत गंज फुगतो आणि जोड आतून उकलत नेतो. बाहेरून रंगाला फक्त एक फुगवटा दिसतो. म्हणून वर दिसणाऱ्या लाल डागांना मी फारसा घाबरत नाही. जोडाच्या रेषेवर रंग फुगलेला दिसला की मात्र हातोडी काढतो.

पहिलं काम ताडपत्री काढणं. हातमोजे आणि गमबूट घाला, काठीनं आधी आपटा, मग दार उघडा. तुमच्या भागात फुरसं अशाच कोरड्या आडोशाला बसतं, सीटखाली उंदरांची घरटी असतात, आणि उंदराच्या मुतानं लेप्टो होतो हे कोकणात सांगायला नको. आतल्या सीट, चटया, छताचं कापड बाहेर काढा. सीटमधल्या काथ्यानं पाणी शोषलेलं असतं, ते खालच्या पत्र्याला वर्षानुवर्षं ओलं ठेवतं. बॉनेट आणि पुढची काच यांच्या मधल्या खाचेत आंब्याची पानं कुजून काळी माती झालेली असेल, ती हातानं उपसा. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. गाडी धुऊ नका. लोक पहिल्याच दिवशी प्रेशर पंप लावतात, आणि जे पोकळ भाग कसेबसे कोरडे राहिलेले असतात त्यांच्यात पाणी भरतात. झाडू, मऊ ब्रश, जमलं तर हवेचा पंप, एवढं पुरे. मग गाडी उघडी, दारं किलकिली, अशी आठवडाभर उन्हावाऱ्यात राहू द्या.

इंजिनाला हात लावू नका. सेल्फ मारून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि गावात बॅटरी घेऊन हौसेनं येणारा कोणीतरी असतोच. त्याला चहा पाजून परत पाठवा. ते काम नंतर.

तपासणीला एक बोथट स्क्रू ड्रायव्हर, लहान हातोडी, टॉर्च आणि पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लागेल. चांगल्या पत्र्यावर हातोडी टणटणते, कुजलेल्यावर भद्द आवाज येतो. स्क्रू ड्रायव्हर मुठीनं दाबला आणि आत गेला तर तिथं पत्रा संपलेला आहे. चुंबक धरत नसेल तिथं कधीतरी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. काकांनी एखादा डेंट काढून घेतला असेल तर ते काही वाईट नाही, पण दाराखालच्या चॅनलला लांबी सापडली तर आत काय झाकलंय ते उकरूनच बघा.

या क्रमानं बघा. आधी दाराखालचे दोन्ही चॅनल, पूर्ण लांबी, बाहेरून आणि खालून. मग मागच्या कमानपाट्यांची पुढची आणि मागची टोकं जिथं बॉडीला अडकवली आहेत तिथला पत्रा. ही जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि गाडीखाली झोपल्याशिवाय दिसत नाही. मग पुढच्या काचेच्या खांबांचा तळ, जिथं दाराचा बिजागर बसतो. दार उघडून वर उचलून बघा. ते बिजागराच्या पिनमध्ये हलत असेल तर किरकोळ, पण बिजागरासकट खांबाचा पत्राच हलत असेल तर गंभीर. त्यानंतर बॉनेट उघडून पुढचं सस्पेन्शन जिथं बोल्टांनी बसवलंय तो भाग. बॅटरीचा ट्रे बहुतेक गेलेला असेल, ॲसिडनं तो नेहमीच जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. डिकीचा तळ, मडगार्डांच्या कडा, दारांचे खालचे चार बोटं, हे सगळं कुजलेलं निघालं तरी ती दुरुस्ती आहे. तेवढ्यानं मरणाचा दाखला लिहायचं कारण नाही.

शेवटी उचलून बघा, पण जॅक चॅनलखाली लावू नका. कुजलेला असेल तर जॅक आत घुसतो आणि गाडी अंगावर येते. मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या आडव्या बीमखाली जाड फळी ठेवून उचला, लाकडी ठोकळे लावा, आणि ठोकळे लावल्याशिवाय कोणीही खाली जायचं नाही. जमिनीवर असताना चारही दारांच्या फटी खडूनं खूण करून ठेवा. मागून उचलल्यावर फटी तेवढ्याच राहिल्या आणि दारं पूर्वीसारखी लागली, तर ढाचा जिवंत आहे. दार अडकायला लागलं, वरची फट मिटली आणि खालची रुंदावली, तर गाडी मधून वाकतेय.

माझा निकष सांगतो. पाट्यांचे अडकवे, काचेचे खांब आणि निदान एका बाजूचा चॅनल शाबूत असेल तर गाडी वाचवण्यासारखी. दोन्ही चॅनल गेलेत पण बाकी ठीक आहे, तर वाचेल, मात्र खर्च आणि डेंटर (पत्र्याचं काम करणारा) दोन्ही भारी लागतील. खांबांचे तळ आणि पाट्यांचे अडकवे दोन्हीकडून गेले असतील तर ती गाडी आता दुसऱ्या पद्मिनींना सुटे भाग द्यायच्या कामाची, असं मी स्पष्ट सांगतो. यात काळजाचा प्रश्न आला की लोक चिडतात, पण त्या गाडीत पुढे कुणीतरी बसणार असतं.

आता ‘शोरूमसारखी’ या आश्वासनाबद्दल. फोटो बघून मुदत सांगणारा माणूस पत्रा बघणार नाही, रंग बघणार आहे. अशा कामात गंजावर वायर ब्रश मारतात, लांबी चोपडतात, वर काळं डांबरी कोटिंग फासतात आणि रंग चढवतात. गाडी खरोखर चकचकीत दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जोडांवर रंग फुगायला लागतो, कारण आतला गंज तसाच असतो आणि आता त्याला डांबराचं पांघरूणही मिळालेलं असतं. म्हणून पैसे कमी असतील तर रंग पुढच्या वर्षी करा, पत्रा या वर्षी. तडजोड करायचीच तर ती दिसणाऱ्या भागात करा.

पत्र्याचं काम चांगला डेंटर असं करतो. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, त्यावर ठिगळ चढवायचं नाही. चॅनल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरके लोखंडी अँगल टाकून तात्पुरतं वेल्डिंग करायचं, नाहीतर कापल्या कापल्या गाडी मधून बसते आणि मग कुठलंच दार आयुष्यभर नीट लागत नाही. तुमचा डेंटर हे करणार आहे का, एवढं एकच विचारा. उत्तरावरून माणूस कळतो. फ्लोअरला २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, चॅनलसारख्या भार घेणाऱ्या जागी त्याहून जाड, १८ गेजचा. जीआय पत्रा स्वस्तात मिळतो म्हणून वापरतात, पण त्यावरच्या जस्ताचा धूर वेल्डिंग करताना छातीत जातो, ताप भरतो, आणि वेल्डही नीट धरत नाही. जुन्या गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा लांबपर्यंत तापून वाकतो, म्हणून सीओटू वेल्डिंग, तेही टाक्याटाक्यानं, मधे गार होऊ देत. जोडांना आतबाहेर प्रायमर, फटींना सीलर, आणि पोकळ चॅनलमध्ये शेवटी मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग फवारायचं. जुनं इंजिन ऑइल फवारणारे आहेत. ते काही काळ काम करतं हे खरं, पण रबर खातं, वास मारतं आणि पुढे त्या जागी वेल्डिंग करायची वेळ आली तर पेट घेतं. मी ते गॅरेजात येऊ देत नाही. आणखी एक सांगतो, त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं. ग्राइंडरनं कोरडा रंग उडवताना चांगला मास्क हवा, आणि अंगणात पोरं नकोत.

वरवरचा गंज असेल, पत्रा खाली ठणठणीत असेल, तिथं कापायची गरज नाही. सैल पापुद्रे खरवडून फॉस्फोरिक ॲसिडचं किंवा टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावलं की उरलेल्या गंजाचं स्थिर संयुग बनतं, त्यावर प्रायमर. पापुद्रे निघत असलेल्या जागी तेच औषध ओतून उपयोग नाही. ते वरच्या थरापाशी थांबतं.

लहान लोखंडी भागांसाठी, बिजागर, कंस, जॅकचा दांडा वगैरे, मला आवडणारा उपाय काकवीचा. एक भाग काकवीला नऊ-दहा भाग पाणी, त्यात भाग बुडवून एक-दोन आठवडे विसरून जायचं. काकवीतले घटक गंजातलं लोखंड धरून सोडवतात आणि खालच्या धातूला जवळजवळ हात लावत नाहीत. वास भयानक येतो आणि गावभरच्या माशा जमतात, म्हणून घरापासून लांब. साखर कारखान्याची मळी जास्त स्वस्त पडली असती, पण तिच्यावर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, त्या भानगडीत पडू नका. कार्बोरेटर किंवा ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग यात टाकायचा नाही. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढायची पद्धतही चांगली आहे. फक्त दुसऱ्या टोकाला साधं लोखंड लावा, स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि ते उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. स्प्रिंगा यात घालायच्या नाहीत, त्या ठिसूळ होतात.

पत्र्याचा निकाल लागला की इंजिन. १०८९ सीसीचं, चार सिलेंडरचं साधं इंजिन आहे, त्याच्याशी घाई केली तरच ते नडतं. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं मिसळून थोडं ओता, आणि आठवडाभर रोज थोडी भर घालत राहा. मग व्हॉल्व्हचं झाकण काढून वरच्या स्प्रिंगांवर ऑइल सोडा. गाडी टॉप गिअरला टाकून, मागची दोन्ही चाकं उचलून, दोन्ही एकदम एकाच दिशेनं हातानं थोडी पुढे थोडी मागे करायची. तुमचं एक चाक जॅम आहे, म्हणून आधी त्याचा ड्रम मोकळा झाला पाहिजे. एखादा सूतभर हलला तरी काम झालं, जोर लावायचा नाही. अडकलेल्या व्हॉल्व्हवर सेल्फनं जोर लावला की पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) वाकतो. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले की जुनं ऑइल काढा, इंजिनाखालचं ऑइल चेंबर उघडून तळाचा गाळ साफ करा, नवं ऑइल भरा, आणि मगच बॅटरीचा विचार. आठवड्यानंही हललं नाही तर हेड उतरवायचं. बोअर करून नवे पिस्टन टाकणं हे अजूनही कुठल्याही तालुक्याच्या गावी होणारं काम आहे.

टाकीतलं जुनं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही, त्याचा वार्निश झालेला असतो. टाकी उतरवून धुवा, आत गंज असेल तर नवी बनवून घेणं बरं. टाकीला वेल्डिंग हा जिवाशी खेळ आहे, ते ज्याचा तो धंदा आहे त्यालाच करू द्या. आणि हल्लीचं पंपावरचं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. १९७५ चं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल चालणाऱ्या रबरचे घाला, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे ठेवा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, ते तळाशी बसतं आणि गंज आतून सुरू होतो.

ब्रेकबाबत वाद नको. चारही चाकांना ड्रम आहेत, मास्टर सिलेंडर आणि व्हील सिलेंडर सगळे उघडायचे, कप-वॉशर नवे, होज नवे, ऑइल नवं. टायरवर नक्षी कितीही दिसली तरी ते फेकायचे. वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असेल तिथं सांधे मारत बसू नका, पूर्ण नवी वायरिंग घाला. या गाडीत वायर असते तरी किती!

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि पुण्यात नाना पेठेत विचारा. पूर्वी मुंबईच्या टॅक्सींमुळे माल भरपूर होता. २००८ ला टॅक्सीची वयोमर्यादा २५ वर्षं झाली, २०१३ ला २० वर्षं, तेव्हा पद्मिनी घाऊक भंगारात गेल्या आणि त्यांचे भाग बाजारात आले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली होती, तिची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता तो झरा आटलाय. यांत्रिक भाग मिळतात, चांगली दारं आणि मडगार्ड मिळणं कठीण. त्यासाठी माझा सल्ला, सोलापूर, बीडकडची एखादी मरणासन्न पद्मिनी शोधा. तिकडच्या गाडीचा रंग उन्हानं जळालेला असतो, रबर तडकलेलं असतं, पण पत्रा खणखणीत असतो. तुमच्या गाडीला नेमकं तेच हवंय.

किती करायचं, हा खरा प्रश्न. जुन्या गाड्यांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, फिवा, तीस वर्षांवरच्या आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेल्या, रोजच्या वापरात नसलेल्या गाडीला ऐतिहासिक मानतो. त्या मंडळींचा कल हल्ली नव्यासारखं करण्यापेक्षा आहे ते टिकवण्याकडे आहे, आणि मला तो पटतो. छताचा, बॉनेटचा मूळ रंग उडालेला असला तरी त्याखाली पत्रा चांगला असेल तर पॉलिश करून तसाच ठेवा. काकांनी डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती काढू नका. मूळ रंग एकदा खरवडला की परत येत नाही, रंगवायला मात्र कधीही येतं. आणि गाडी चालवा. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक दरवर्षी दसऱ्याला चौकात येते, म्हणून तिच्याकडे दरवर्षी कुणाला तरी बघावं लागतं. वर्षातून एकदाही न हलणारी गाडी, कितीही पैसे घातलेले असोत, परत त्याच झाडाखाली जाते.

कागदांचं काम मात्र हातोडी उचलायच्या आधी. काकू आणि चुलत भावंडं यांना सगळ्यात आधी विचारा. वारसाच्या नावावर गाडी करायला नमुना ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. आरसी बुक सापडलं तर त्याचे फोटो काढून ठेवा. चेसिस नंबरच्या पट्टीवर ग्राइंडर फिरवू देऊ नका, कागद ठेवून पेन्सिलनं तिचा ठसा आजच घ्या. एमएच येण्याआधीच्या तीन अक्षरी नंबराच्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा संगणकावर नसते, आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते, आणि त्यात इंजिन-चेसिस नंबर जुळले पाहिजेत. जुना कर थकला असेल तर तोही तेव्हाच कळेल.

पुढे दोन वाटा आहेत. साधं नोंदणी नूतनीकरण, पाच वर्षांसाठी, गाडी आरटीओला दाखवून. मोटारीसाठी हे शुल्क २०२२ ला ६०० रुपयांवरून ५,००० झालं, वीस वर्षांवरच्या गाड्यांना आता ते त्याहूनही जास्त आहे, शिवाय पर्यावरण कर आहे. दुसरी वाट, ‘व्हिंटेज’ नोंदणी. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली खासगी गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. तुमची १९७५ ची गाडी वयात बसते, पण या नोंदणीवर ती फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी रस्त्यावर काढता येते. गावात बाजाराला न्यायची असेल तर साधं नूतनीकरण करा. आणि कोणी ‘यात डिझेल इंजिन टाकू, ॲव्हरेज मिळेल’ म्हणालं तर हात जोडा. इंजिन किंवा बॉडीत मोठा बदल झाला की व्हिंटेजचा दरवाजा बंद होतो.

गाडी भंगारातच द्यायची ठरली, तर दारात आलेल्या भंगारवाल्याला तशीच देऊ नका. तो किलोनं घेणार, आणि रिकामी पद्मिनी सुमारे ९०० किलोची, त्यातून काच-सीट-रबर वजा. त्याहून जास्त मोल चांगल्या काचा, बंपर, मीटर, दिव्यांच्या रिंगा, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स यांना पद्मिनीवाले देतील. मुख्य म्हणजे नोंदणी रद्द करून घ्या. ती केली नाही आणि चेसिसचा नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर चढला, तर पोलिस काकूंच्या दारात येतील. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर ठेव प्रमाणपत्र मिळतं, त्यावर नवी गाडी घेताना करात सवलत असते.

गाडी गावाहून शहरात आणायची तर सपाट पाठीच्या रिकव्हरी व्हॅनवरच आणा. क्रेनच्या हुकाला बंपरनं लटकवून नाही, दोरीनं ओढून तर नाहीच. पण मी तुमच्या जागी असतो तर या पावसाळ्याआधी ती आणण्याची घाई केली नसती. चार सिमेंटचे ठोकळे, त्यावर गाडी जमिनीपासून फूटभर वर, खाली प्लास्टिकचा कागद अंथरून वर खडी, डोक्यावर चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, आणि आतल्या पोकळ भागांत एकदा मेणाची फवारणी. एवढ्यानं गंज जवळजवळ थांबतो आणि तुम्हाला विचार करायला एक-दोन वर्षं मिळतात. त्या काळात पाट्यांच्या अडकव्यांचे आणि काचेच्या खांबांच्या तळाचे फोटो खालून, उजेड तिरका धरून काढा आणि दोन वेगवेगळ्या डेंटरांना दाखवा. दोघांपैकी जो गाडीखाली झोपून बघतो म्हणेल, त्याच्याशीच पैशांचं बोला.